पोटॅटो रायसर: वड्याला नको, पॅटिसला हवाच

घरात सोऱ्या आहे, पुरणयंत्र आहे, पावभाजीचा मॅशर आहे. मग पोटॅटो रायसर, म्हणजे उकडलेला बटाटा जाळीतून दाबून काढायचं हे चौथं धूड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. काही महिने नेमाने वापरल्यावर मत असं झालंय: नुसता बटाटा कुस्करायला म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, तेवढ्याला हात पुरतो. रायसर घ्यायचा तो साल बाजूला काढायला, वाफ मोकळी करायला आणि एकही गाठ राहू नये म्हणून.

वापरात आहे तो स्टीलचा. तळाला जाळी असलेला डबा, त्यात उतरणारा दट्ट्या, दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारी पिन, एवढेच भाग. जाळीची भोकं साधारण ३ मिमीची. डब्यात एका वेळी दोन मध्यम बटाटे मावतात. कोंबून तिसरा भरला की दट्ट्या तिरका बसतो आणि लगदा खालून यायच्या ऐवजी कडेने वर येतो.

बटाटा सोलायचा नाही, इथेच निम्मं काम वाचतं. उकडलेला बटाटा मधोमध आडवा कापायचा, कापलेली बाजू जाळीकडे ठेवायची आणि दाबायचं. गर खाली पडतो, साल दट्ट्याखाली चपटी होऊन राहते. दोन दाबांनंतर सुरीच्या टोकाने ती काढून टाका, नाहीतर भोकं झाकली जातात आणि उगाच जोर लागतो. हात थकला की बऱ्याचदा कारण हेच असतं, दांड्याची लांबी नव्हे.

बटाटा गरम असतानाच दाबायचा. गार बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो. मग दुप्पट जोर लागतो, आणि वाफ निघून जायची संधीही गेलेली असते. गरम गर बारीक शेवेसारखा परातीत पडतो, पसरून दहा मिनिटं ठेवला की त्यातलं बरंच पाणी उडून जातं. पॅटिस तेलात फुटतात ती बहुतेक वेळा याच पाण्यामुळे. अशा कोरड्या गराला अर्ध्या किलोमागे दोन चमचे कॉर्नफ्लोअर पुरतं, उपवासाचं असेल तर तेवढंच आरारूट किंवा साबुदाण्याचं पीठ. हाताने कुस्करलेल्या ओलसर बटाट्यात पीठ वाढवत न्यावं लागतं आणि शेवटी चव पिठाची लागते.

उकडण्यात चुकलं तर रायसर काही करू शकत नाही. कुकरच्या पाण्यात थेट टाकलेले बटाटे तडकतात आणि चिरांतून पाणी पितात. त्यापेक्षा कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, त्यावर जाळी, तिच्यावरच्या भांड्यात पाणी न घालता एकाच आकाराचे बटाटे ठेवा. मध्यम आकाराला तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पाच मिनिटं. वाफ जिरली की लगेच बाहेर काढा. झाकणाखाली तसेच ठेवले तर वाफेचं पाणी परत त्यांच्यावरच पडतं. बटाटा जुना घ्या, जाड सालीचा. पातळ सालीचा नवा बटाटा रश्शाला उत्तम, पण दाबल्यावर त्याचा चिकट गोळा होतो. शीतगृहात फार दिवस राहिलेला बटाटा गोडसर लागतो आणि तळताना पटकन काळपट होतो, तो दोष दाबून जात नाही.

मिक्सरमध्ये का नाही, तर शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत स्टार्च फुगून बसलेला असतो. पातं त्या पेशी चिरडतं, स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात खळ तयार होते. रायसरमध्ये गर भोकांतून एकदाच जातो, म्हणून भुसभुशीत राहतो. पण नंतर तो कणकेसारखा मळत बसलात तर परत तीच खळ. मीठ-मसाला वरून भुरभुरवा, बोटांनी उचलून मिसळा, थांबा.

आता जिथे उपयोग नाही ते. बटाटेवड्याच्या भाजीला रायसर लावूच नये. वड्यात दाताखाली फोड यायला हवी; जाळीतून गेलेल्या बटाट्याचा वडा गुळगुळीत आणि बेचव लागतो. आलू पराठ्याचं उलट आहे. सारणात एक जरी फोड राहिली तरी लाटताना ती पारीतून बाहेर येते, तिथे रायसरला पर्याय नाही.

सर्वांत जास्त फरक जाणवतो तो उन्हाळी कामात. बटाटा-साबुदाण्याच्या उपवासाच्या चकल्यांना १ किलो बटाट्याला अर्धा किलो साबुदाणा, रात्रभर भिजवून पारदर्शक होईपर्यंत शिजवलेला. यात बटाट्याची एखादी गाठ राहिली की सोऱ्याच्या चकतीत अडकते, चकली तुटते आणि प्रत्येक वेळी सोऱ्या उघडावा लागतो. रायसरमधून काढलेल्या बटाट्याची चकली अखंड पडते. हिरव्या मिरचीचं वाटण मात्र गाळून घाला, तिच्या साली आणि बियाही तशाच अडकतात. मीठ बेताने, वाळल्यावर खारटपणा वाढतो.

रताळ्यातले दोरे जाळीवर राहतात, त्यामुळे पुऱ्यांचं पीठ मऊ होतं. लाल भोपळा घारग्यांसाठी वाफवून दाबला तर आधी पाणी गळतं. ते वेगळ्या वाटीत धरा, पीठ भिजवायला लागेल तेवढंच परत घाला. दुधीच्या कोफ्त्यांसाठी किसलेल्या दुधीला मीठ लावून दाबला की मुठीपेक्षा कोरडा होतो. उकडलेल्या कैरीचा गरही छान निघतो, पण बाठ आधी काढा. कच्चं काहीही अख्खं दाबायला जाऊ नका, पिन वाकते.

पुरणाचं सगळेच विचारतात. गूळ घालून आटवलेलं पुरण यातून काढणं म्हणजे मनगटाला शिक्षा, आणि अर्धवट शिजलेली डाळ ३ मिमीच्या भोकांतून तशीच खाली उतरते. डाळ बोटाने सहज चिरडेल इतकी शिजवून, कट पूर्ण निथळून, गूळ घालण्याआधी गरम असताना दाबली तर पाव किलोपर्यंत जमतं. सोबत बारीक भोकांची चकती मिळाली असेल तर तीच लावा. तरी सणाच्या पुरणाला पुरणयंत्रच बरं. तिथे हँडल फिरवायचं असतं, दाबायचं नसतं.

सोऱ्या चालतो का? शेवेची चकती लावून सोललेला गरम बटाटा निघतो, पण सावकाश, आणि साल चालत नाही. महिन्यातून एकदाच लागणार असेल तर तेवढ्यावर भागवा.

युरोपात हे साधन मॅश (लोणी-दूध घातलेला कुस्करलेला बटाटा) आणि न्योकी (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे) यांसाठी वापरतात. मॅशला १ किलो बटाट्याला १०० ग्रॅम लोणी आणि २०० मिली दूध धरा. दूध कढत हवं, गार घातलं तर मॅश लगेच निवतं. याच जातीच्या, श्पेत्झल (अंडं घातलेल्या जर्मन शेवया) काढायच्या यंत्रातून जर्मनीतल्या मानहाइममध्ये दारिओ फोन्तानेल्ला यांनी १९६९ साली आइस्क्रीमच्या शेवया काढल्या होत्या. मुलांना करून दाखवायचं असेल तर यंत्र आधी फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर शेवयांऐवजी सरबत मिळेल.

धुणं हा खरा जाच आहे. काम झाल्याबरोबर गार पाण्यात बुडवा. गरम पाण्याने स्टार्च भोकांत चिकटून बसतो, आणि तासभर कोरडा राहिला तर एकेक भोक काडीने टोकरावं लागतं. जाळी बाहेरच्या बाजूने ब्रशने घासा, म्हणजे अडकलेलं आत पडतं. पिनच्या सांध्यात लगदा जातो, तो दिसत नाही, दोन दिवसांनी वास येतो.

दुकानात घेताना तीन गोष्टी पाहा. दट्ट्या आणि डब्याची भिंत यांत फट किती आहे. चारी बाजूंनी सारखी आणि अगदी कमी हवी. पिन निघते का, म्हणजे सांधा धुता येईल. आणि डब्याच्या पुढे अडकवायचा हुक किंवा खाच आहे का, कारण पातेल्याच्या काठावर टेकवून दाबता आलं तर मनगटावरचा निम्मा भार उतरतो. बिनलेपाचं ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त असतं, पण कैरी, चिंच, टोमॅटोला चालत नाही आणि डिशवॉशरमध्ये काळं पडतं. लेप दिलेल्याचा लेप सगळ्यात आधी भोकांच्या कडांना सुटतो. तसं दिसलं की तो वापरातून काढा.