ईसानमधली शाळा आणि सुआन मोक्खचे दहा दिवस: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात मी एकटीने थायलंडमध्ये राहिले. पहिले दहा आठवडे ईशान्येकडील ईसान भागातल्या एका खेड्यातील शाळेत इंग्रजी शिकवले आणि नंतर दक्षिणेला सुरात थानी प्रांतात, चैया गावाजवळच्या सुआन मोक्ख या बौद्ध विहारात दहा दिवसांचे आनापानसती, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाचे, शिबिर केले. परतल्यावर लगेच लिहिले असते तर हा अभिप्राय केवळ भारावलेला झाला असता. आता सात महिने उलटले असून काय टिकले आणि काय विरून गेले हे सांगता येईल.

आधी कागदपत्रांविषयी, कारण माझी योजना तिथेच बारगळणार होती. मी ज्या मध्यस्थ संस्थेमार्फत गेले, तिने सुरुवातीला 'स्वयंसेवेला पगार नसतो, तेव्हा पर्यटक म्हणूनच या' असे सुचवले होते. हा सल्ला मानू नये. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही कामाचा परवाना लागतो आणि स्वयंसेवकांसाठी नॉन-इमिग्रंट ओ या वर्गाचा व्हिसा असतो. मी तोच हवा असा आग्रह धरला आणि त्यासाठी शाळेकडून पत्रे मिळेपर्यंत दीड महिना थांबले. या व्हिसावर एका प्रवेशात 90 दिवस राहता येते, परंतु 90 दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत आणि उतरल्याचा दिवसही त्यात मोजला जातो. संस्थेने सुचवल्याप्रमाणे 1 जुलैला पोहोचले असते तर मुदत 28 सप्टेंबरलाच संपली असती, आणि सुआन मोक्खचे शिबिर तर दर महिन्याच्या 1 तारखेला सुरू होऊन 11 तारखेला संपते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजल्यावर मी 18 जुलै ही तारीख ठरवली, त्यामुळे मुदत 15 ऑक्टोबरपर्यंत गेली आणि शिबिरानंतर चार दिवस हाताशी उरले. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दररोज 500 बात दंड होतो, शिवाय पासपोर्टवरची नोंद कायमची राहते. डिजिटल आगमनपत्र 1 मे 2025 पासून सक्तीचे झाले असून ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. त्याला दहा मिनिटे पुरतात.

शाळेविषयी मी अधिक सावधपणे लिहिते. आठ वाजता मैदानावर रांगा, ध्वज, राष्ट्रगीत आणि मग वर्ग. मुले मला 'ख्रू', म्हणजे शिक्षक, म्हणत आणि हात जोडून इतक्या मनापासून 'वाय', म्हणजे थाई नमस्कार, करत की पहिल्या आठवड्यात मला स्वतःविषयी फारच चांगले वाटू लागले होते. पहिल्याच तासाला मी फळ्यावर रंगांची नावे लिहायला घेतली. तिसरा शब्द लिहून होण्याआधीच वर्गाने पुढचे सगळे रंग एका सुरात म्हणून दाखवले, पाठोपाठ शरीराचे अवयव आणि प्राणीही म्हटले, आणि मग सगळे गप्प बसून माझ्याकडे पाहू लागले. माझ्याआधी आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाने रंगांपासूनच सुरुवात केली होती आणि बहुतेक जण प्राण्यांपर्यंत येऊन परत गेले होते. त्यापुढचे इंग्रजी त्या मुलांच्या वाट्याला आलेच नव्हते.

यात दोष मुलांचा नाही, शाळेचाही नाही. काम पुढच्या माणसाच्या हाती सोपवण्याची रीतच कोणी घातलेली नव्हती. तेव्हा मी दोनशे पानी वही घेतली आणि रोज काय शिकवले, कोणाला काय येते, कुठे अडले हे इंग्रजीत आणि तिथल्या बाईंच्या मदतीने थाईत लिहून ठेवू लागले. दहा आठवड्यांत माझ्या हातून झालेले उपयोगी काम बहुधा तेवढेच. प्रश्न विचारणारी वाक्ये आणि वेळ सांगणे इथपर्यंत आम्ही पोहोचलो. एखाद्या कायम शिक्षकाने हे अधिक चांगले केले असते, याबद्दल मला शंका नाही.

सप्टेंबरअखेरीस बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चैयाला गेले. दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी 2023 पासून नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकावरून सुटतात; जुन्या हुआ लाम्फोंगवर जाऊन उभे राहू नये. सुआन मोक्खची स्थापना बुद्धदास भिक्खू (1906–1993) यांनी 1932 साली केली आणि परदेशी साधकांसाठीचे केंद्र मुख्य विहारापासून वेगळे, महामार्गाच्या पलीकडे आहे. फोन जमा होतो, मौन सुरू होते आणि पहाटे चार वाजता घंटा होते. राहायला एकट्याची खोली, सिमेंटचा ओटा, त्यावर चटई, मच्छरदाणी आणि लाकडाची उशी. स्त्रिया उघड्या टाक्याभोवती उभ्या राहून अंगाला सारोंग गुंडाळून तांब्या तांब्याने अंघोळ करतात. बाकीच्या परदेशी मुली पहिल्या दिवशी गोंधळून गेल्या होत्या. मला मात्र परकर छातीशी बांधून विहिरीवर अंघोळ करणारी आजी आठवली आणि हात आपोआप चालू लागले.

दुसरी ओळख अधिक खोलवरची निघाली. संध्याकाळी पालीतून वंदना सुरू झाली तेव्हा पहिले काही क्षण मला एकही शब्द कळला नाही. 'फुत्थंग सरणंग खत्छामि' असे काहीतरी कानावर पडत होते. मग एकदम उलगडले की हे तर त्रिशरण आहे, लहानपणापासून घरी म्हटलेले, फक्त थाई उच्चारात. घरी आम्ही पंचशील घेतो. इथे आठ शीले पाळायची असतात, आणि त्यातले शेवटचे, उंच व आरामशीर शय्या वर्ज्य करणारे 'उच्चासयनमहासयना', म्हणजे खोलीतला तो ओटा, हे पाठ दुखू लागल्यावर नीट कळले.

ध्यानाची पद्धत मज्झिमनिकायातील आनापानसती सुत्तावर आधारलेली आहे: काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार भागांत प्रत्येकी चार, अशा सोळा पायऱ्या. गोएंका गुरुजींच्या परंपरेतील विपश्यना शिबिर मी पूर्वी केले होते. तिथे श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो. इथे दीर्घ श्वास मुद्दाम घेऊन त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासायला सांगतात, आणि जुनी सवय असलेल्याला पहिले तीन दिवस ते चुकल्यासारखे वाटते. चौथ्या दिवशी मी शिबिर सोडण्याचा गंभीरपणे विचार केला होता. कारण अगदी क्षुल्लक होते. मला नेमून दिलेले काम पायवाट झाडण्याचे होते, झाडून पाठ फिरवावी तोवर तिथे पुन्हा पाने पडत आणि मला त्या झाडांचा राग येऊ लागला होता.

सात महिन्यांनंतर सोळांपैकी पहिल्या चारच पायऱ्या माझ्याकडे उरल्या आहेत. रोज पहाटे पंचवीस मिनिटे बसते, आठवड्यातून एखाद-दोन दिवस चुकतात. चारची जाग पंधरवड्यात गेली. संध्याकाळी न जेवण्याची सवय त्याहूनही लवकर गेली. राग आल्यावर श्वास आखूड झाल्याचे ध्यानात येणे मात्र टिकले आहे, आणि ते राग ओसरल्यावर नव्हे, बोलण्याच्या ऐन बेतात असताना ध्यानात येते.

एकट्या स्त्रीने जाण्याबाबत विचाराल तर मला कुठेही असुरक्षित वाटले नाही; मात्र भिक्खूंच्या हातात स्त्रीने थेट काही द्यायचे नसते आणि खांदे व गुडघे झाकलेले हवेत, एवढे ध्यानात ठेवावे. शाकाहारी असल्यास 'जे' हा शब्द शिकून घ्यावा. तो पिवळ्या कापडावर लाल अक्षरात लिहिलेला असतो, आणि नुसते 'मांस नको' म्हटल्यास माशाचा रस्सा येतोच. क्रम आधी काम, मग मौन असाच ठेवावा. तसेच, तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर शाळेच्या वाटेला जाऊ नये, स्वयंपाकघर किंवा बागेचे काम मागावे.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बाईंनी वहीच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. नव्या स्वयंसेविकेने माझ्या शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढून पुढचा धडा सुरू केला आहे, आणि समासात लिहिले आहे की वेळ सांगताना मुले 'साडे' अजून चुकवतात.