सोयरिकीआधीची तपासणी: लाळेची नळी की रक्ताची?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, काय असतो हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न पडतो तो पुढचा. मुलाची सोयरीक ठरवताना घरपोच येणारी लाळेची जनुकीय तपासणी करावी की दवाखान्यात रक्त देऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करावी? दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी आमच्या घरी या दोन्ही तपासण्या झाल्या. त्या अनुभवावरून माझे मत बनले असून इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, हे मला मान्य आहे.

मुलगा पुण्यात नोकरीला असल्याने त्याने लाळेच्या तपासणीचा संच मागवला. यात सुई नाही, रांग नाही आणि एकाच नमुन्यात शेकडो गोष्टींची माहिती मिळते, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. सिकलसेलचा बदल अकराव्या गुणसूत्रावरील एका ठरावीक जागीच होत असल्याने तो लाळेतूनही सापडतो आणि मुलाच्या अहवालात तो सापडलाही; तो वाहक निघाला, म्हणजे त्याला स्वतःला आजार नाही, पण सदोष जनुक त्याच्याकडून मुलांकडे जाऊ शकतो. मात्र हृदयविकाराची शक्यता, केस गळणे, कॉफी पचणे अशी पानामागून पाने उलटल्यावर कुठे ती एक ओळ हाती लागली.

माझे मत फिरले ते प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या वाक्याने. हा अहवाल वैद्यकीय निदानासाठी वापरू नये, असे त्यात म्हटले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच वाक्य बोटाने दाखवले आणि एचपीएलसी करून आणायला सांगितले. होणारे व्याही समोर बसले होते. मोबाइलवरचा तो इंग्रजी अहवाल त्यांनी दोनदा हातात घेतला, परत दिला आणि एवढेच विचारले, ‘‘पोरीच्या लेकरायले त्रास होईन का नाही, तेवढं सांगा जी.’’ हजारो रुपये आणि दीड महिना खर्चूनही त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ती बोच अजून गेलेली नाही.

उत्तर नसण्याला कारणही होते. वाहकाचा जोडीदार सिकलसेलचा वाहक नसला तरी बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असू शकतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकल-थॅलेसेमियाचा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बीटा थॅलेसेमियाला कारणीभूत ठरणारे जनुकीय बदल दोनशेहून अधिक आहेत. लाळेचे असे संच बहुधा त्यांतले निवडकच बदल तपासतात, त्यामुळे ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ तेवढ्यापुरताच घ्यावा लागतो. एचपीएलसीत रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकारच वेगळे करून मोजले जातात. बदल कोणता आहे हे त्यात कळले नाही, तरी थॅलेसेमियाच्या वाहकात ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार सहसा साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो.

गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी, म्हणजे द्रावणात मिसळलेले रक्त गढूळ होते का हे पाहणारी तपासणी, ही पहिली चाळणी आहे, तिच्यावर थांबू नये. त्या नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. मुलाची नळी धरली तेव्हा गढूळ रक्तापलीकडच्या रेघा पार नाहीशा झाल्या होत्या, तर होणाऱ्या सुनेच्या नळीतून त्या स्पष्ट दिसत होत्या. मात्र जिच्या नळीतून रेघा दिसत नाहीत ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण हे ती नळी सांगत नाही, आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. म्हणून दोघांचेही एचपीएलसी केले. मुलीचा ए-टू 2.8 टक्के, म्हणजे साडेतीनच्या खाली आला. डॉक्टरांनी व्याह्यांना समोर बसवून, तिच्या बाजूने सिकल किंवा थॅलेसेमिया जाणार नसल्याने मुले फार तर वाहक होतील, हे पाच मिनिटांत मराठीत समजावून सांगितले. त्या पाच मिनिटांसाठीच माझे झुकते माप रक्ताच्या नळीला आहे.

याचा अर्थ जनुकीय तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकल्यावर गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे औषध काहींच्या शरीरात सीवायपी2सी19 या जनुकातील फरकामुळे पुरेसे काम करत नाही. घरात स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण असतील, तर या कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए जनुकांची तपासणी आयुष्याची दिशा बदलू शकते. मात्र अशा वेळी डॉक्टरांनी प्रश्न ठरवावा आणि नेमकी तीच तपासणी करावी, हे मला अधिक योग्य वाटते. आमच्या भागात हिवतापासाठी प्राइमाक्विन हे औषध देण्याआधी महत्त्वाची ठरणारी जी6पीडी या विकराची तपासणीही रक्तातूनच होते.

2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेमुळे सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. नमुना बाहेर पाठवावा लागला तर अहवालाला वेळ लागतो, म्हणून साखरपुड्याच्या तारखेआधी निदान महिनाभर तरी हाताशी ठेवावा. ज्याचे रक्त तपासायचे त्याला मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर ते आधी सांगावे. दात्याचे रक्त मिसळलेले असल्याने अहवाल फसवा येऊ शकतो.