केअर सेंटर, वर्धा रोड बाजू: जेवणाला पाच स्टार, मामाजींच्या कागदाला एक

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मामाजी अजून तिथेच राहतात आणि रोज तोंड त्यांनाच द्यायचंय. आठ महिने झाले, महिन्याला 24 हजार, डायपर आणि ऑक्सिजन मशीनची लाईट वेगळी (हे आधी सांगत नाहीत, पहिल्या बिलात कळतं).

चांगलं आधी सांगतो. खोल्या स्वच्छ, मे महिन्यातही कूलरमध्ये दोनदा पाणी भरतात, खसच्या ताट्या यंदा नवीन लावल्या. जेवण घरच्यासारखं, रविवारी तर्री पोहे, मामाजींची तर्री वेगळी काढतात कमी तिखटाची आणि त्यावरून मामाजी दर रविवारी भांडतात. आयाबाया खरंच जीव लावतात, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ऑफिसची आहे. मामाजी 81 चे, फुफ्फुसं कडक होत चाललीत, बरं होणाऱ्यातलं नाही हे आमच्याआधी त्यांनाच समजलं. वीज मंडळातून रिटायर, सगळं कागदावर पाहिजे. म्हणून त्यांनी लिव्हिंग विल करून ठेवलंय, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आत काय तर "मले मशीनवर टांगून ठेवू नका बे" हेच कायद्याच्या भाषेत. 2018 च्या निकालानुसार यासाठी मॅजिस्ट्रेटकडे जावं लागायचं, जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते सोपं केलं, आता नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो. अ‍ॅडमिशनच्या दिवशी कॉपी दिली तर मॅनेजर मॅडम वाचून म्हणाल्या, "हे आपल्याकडे नाही चालत जी, पोलीस केस होते."

कशी होते पोलीस केस? इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे गुन्हाच आहे, ते या कागदात नाहीच. आणि कागद दाखवला की लगेच मशीन काढली असंही नसतं, पेशंट स्वतः ठरवायच्या स्थितीत नसेल आणि सुधारायची आशा नसेल तर आधी हॉस्पिटलच्या तीन डॉक्टरांचं बोर्ड बघणार, मग दुसरं बोर्ड, घरच्यांची संमती, आणि मॅजिस्ट्रेटला कळवणं. यात सेंटरला काहीच ठरवायचं नाही. काम एकच, पेशंट हॉस्पिटलला निघाला की कागद त्याच्याबरोबर गेला पाहिजे.

तेवढंच झालं नाही. मे महिन्यात रात्री दोनला मामाजींना दम लागला, रात्रपाळीच्या पोरीनं पटकन अँब्युलन्स बोलावली (शाब्बास तिची), पण फाईल ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची चाबी मॅडमच्या पर्समध्ये आणि मॅडम अमरावतीला लग्नात. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात कागद आहे का, आणि मी स्कूटरवर घरी जाऊन झेरॉक्स आणतोय. निमोनिया निघाला, मास्क आणि अँटिबायोटिकवर भागलं, पाचव्या दिवशी मामाजी परत आले, म्हणून ठीक.

दुसरी गोष्ट जास्त लागली. त्याच्या आधी एकदा वैतागून ते मॅडमला म्हणाले, "एखादं इंजेक्शन देऊन सोडव ना पोरी." तर मला फोन आला की यांना घेऊन जा, बाकीच्यांवर परिणाम होतो, आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सत्संग. अहो, आधी बाजूला बसून विचारा तरी की काय होतंय! रात्री झोपेत श्वास अडकायचा, त्याची भीती होती. बाहेरून पॅलिएटिव्हवाले (आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारे) डॉक्टर आम्हीच आणले, औषध बदललं, आता झोप लागते आणि इंजेक्शनचं नावही नाही काढत.

माझी मावसबहीण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला नर्सिंग होममध्ये (तिकडचं वृद्धांचं केअर सेंटर) कामाला आहे. तिकडे क्वीन्सलँड राज्यात 1 जानेवारी 2023 पासून डॉक्टरच्या मदतीनं स्वेच्छेनं मरण मागायचा कायदाच आहे, तिकडचं सोडा, आपल्याकडे तो नाही. पण तिनं सांगितलेलं एक डोक्यात बसलं, ज्या होमला हे पटत नाही त्यांनी स्वतः करायची सक्ती नाही, पण कोणी माहिती मागितली तर अडवायचं नाही, तिथेच कायम राहणाऱ्या माणसाकडे बाहेरचा डॉक्टर येऊ द्यायचा, आणि आम्ही हे करत नाही असं लोकांना आधीच कळेल असं जाहीर करायचं. आमच्या मॅडमनी अ‍ॅडमिशन फॉर्मवरच लिहिलं असतं की लिव्हिंग विल आम्ही कपाटात ठेवतो तर मी डिपॉझिट भरायच्या आधी चार ठिकाणी अजून बघितलं असतं.

तुम्ही कोणाला ठेवणार असाल तर रात्री नऊनंतर एक चक्कर मारा आणि ड्युटीवर असेल त्याला विचारा, अमुक पेशंटची फाईल दाखव. दिवसा सगळेच गोड बोलतात.

स्टार तीन. मामाजींनी कागदाची झेरॉक्स पलंगाच्या वर चिकटवली होती, व्हिजिटर बघतात म्हणून मॅडमनी काढायला लावली. आता ती उशीच्या खोळीत असते आणि नवीन आया आली की पहिल्याच दिवशी तिला हात घालून शोधायला लावतात, "सापडली का? मग आता चहा आण."