दर अकरा सेकंदांनी वाजणारी बशी

नात व्हिडिओ कॉलवर ओरडत होती, "कुक माल, आजी, कुक माल!" चार वर्षांची पोर, हातात काहीतरी रंगवलेला कागद. मी शब्दकोश उघडून क पासून सुरू होणारे शब्द शोधत बसले. कॉल संपला, कागद काय होता तेही कळलं नाही. मग लेकानं सांगितलं, "अगं आई, 'बघ ना' म्हणत होती." जर्मनमध्ये लिहिताना तो शब्द ग पासून सुरू होतो आणि उत्तर जर्मनीकडची बरीच माणसं तो क नं म्हणतात. हे मला कुठल्याच धड्यात भेटलं नव्हतं.

आणि तोवर मी जर्मनची बी१ पातळीची परीक्षा पास झालेली होते बरं का. ऐकण्याचा पेपर तर सगळ्यात चांगला गेलेला. चार भाग, तीस प्रश्न, चाळीसेक मिनिटं. त्यातले दोन भाग दोनदा ऐकवतात, दोन एकदाच. शंभरपैकी साठ गुणांना पास, मी त्याच्या बऱ्याच वर. पण विहीणबाई फोनवर जर्मनमध्ये बोलायला लागल्या की माझी अवस्था गाडी सुटल्यावर फलाटावर उभं राहिल्यासारखी. परीक्षेला दोष देत नाही. युरोपची ती भाषापातळ्यांची चौकट २००१ साली आली, तिच्यात बी१ साठी स्पष्टच लिहिलंय की नेहमीच्या विषयांवरचं, स्वच्छ आणि प्रमाण भाषेतलं बोलणं समजलं पाहिजे. विहीणबाई स्वच्छ आणि प्रमाण बोलत नाहीत, एवढंच. कोण बोलतं?

तर जर्मन शिकणाऱ्यांसाठी "खऱ्या बोलण्यावर आधारित श्रवण चाचणी" अशी एका ऑनलाइन सेवेची जाहिरात दिसली आणि मी सहा महिन्यांचे पैसे भरले. नाव मुद्दाम देत नाही, कारण एका गोष्टीवरून माझा त्यांच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. फुकट मिळालेलं नाही, कुणी लिहायला सांगितलेलं नाही.

एक सांगायला हवं. माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. १९८४ ला लागले तेव्हा ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचे फोन, बुक करणाऱ्या मुलींच्या रांगेत बसायचे. लाइनवर खरखर, मध्येच तिसऱ्याचंच बोलणं, आणि पलीकडचा माणूस नाव सांगतोय. कानावर पडतंय निम्मं, लिहायचं पूर्ण. ऐकण्याची परीक्षा म्हणाल तर मी ती रोज आठ तास दिलेली आहे. त्यामुळे या प्रकाराबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत, सांभाळून घ्या.

बारा चाचण्या मिळतात, प्रत्येकीचे दोन भाग. पहिल्याचं नाव "प्रसंग", दुसऱ्याचं "मोकळं बोलणं".

"प्रसंग" मध्ये कॅफे, स्टेशन, दवाखाना वगैरे. पहिला कॅफेचा ऐकला तेव्हा बरं वाटलं. मागे माणसांची कुजबुज, कपबशांचे आवाज. दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या जुन्या कानाला एक बशी खटकली. टण्ण. थोड्या वेळानं परत टण्ण, त्याच सुरात, आणि तिच्यामागोमाग त्याच बाईचं तेच हसू. घड्याळ लावून पाहिलं, बरोब्बर ११ सेकंद. म्हणजे स्टुडिओत दोन जणांनी कागदावरून वाचलेला संवाद, आणि त्याच्याखाली ११ सेकंदांच्या गोंगाटाची तबकडी गोल गोल फिरवलेली. बशी ऐकू आल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

बरं, गोंगाट खोटा असण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की त्यांना वाटतं, गोंगाट घातला की बोलणं खरं झालं. संवादातली दोघंही पूर्ण वाक्यात बोलतात. एक थांबला की दुसरा सुरू करतो. कुणी अडखळत नाही, कुणी शब्द गिळत नाही, "ते हे आपलं" म्हणत नाही. एक्स्चेंजमध्ये खरखरीचा त्रास आम्हाला पहिला महिनाभर झाला. नंतर कान तिला बाजूला सारतो. त्रास कायम राहिला तो माणसांच्या बोलण्याचा. वाक्य अर्धं सोडून दुसरंच धरणाऱ्यांचा.

याच भागात मी एक खोडी काढली. आवाज पूर्ण बंद केला आणि नुसते प्रश्न वाचून उत्तरं दिली. २५ प्रश्न, प्रत्येकी तीन पर्याय, म्हणजे डोळे मिटून ठोकले तरी आठेक बरोबर यावेत. माझे १४ आले. काही न ऐकता! डॉक्टर रुग्णाला काय सल्ला देतो, तर विश्रांती घ्या, डोंगर चढा, किंवा नवीन गाडी घ्या. आता यात ऐकायचं काय आहे? शिवाय पर्याय एवढे लांबलचक की ध्वनिमुद्रण सुरू झालं तरी मी चष्मा सावरत तिसरा पर्यायच वाचत असते. ही वाचनाची परीक्षा झाली, वर कानात बशी.

आता दुसरा भाग. "मोकळं बोलणं". या एका भागासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

यात खरीच माणसं बोलतात. कागद नाही, एवढं ऐकताक्षणी कळतं. एक बाई नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन करते, दोन बहिणी आईच्या जुन्या कपाटावरून वाद घालतात, एक म्हातारा शेजाऱ्याला रस्ता सांगता सांगता स्वतःच चुकतो. नळवाल्याचंच घ्या. तो म्हणतो, "डोनर्सटाग... ने, वार्टं, फ्रायटाग, फ्रायटाग हाल्ब आख्ट." गुरुवारी, नाही, थांबा, शुक्रवारी, शुक्रवारी हाल्ब आख्ट. प्रश्न: तो कधी येणार? तीन पर्याय, गुरुवार साडेसात, शुक्रवार साडेसात, शुक्रवार साडेआठ. मी ऐटीत शुक्रवार साडेआठ लावलं. चूक. हाल्ब आख्ट म्हणजे आठातला अर्धा, आठाकडे जाणारा, साडेसात. हे मला माहीत होतं हो, व्याकरणाच्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे. पण गुरुवार खोडून शुक्रवार धरण्यात माझं सगळं लक्ष गेलं, आणि "आख्ट" कानावर पडताच डोक्यातला आठ उठून उभा राहिला. घाईत कान आपल्या ओळखीचं तेवढं उचलतो. असा प्रश्न लिहिणाऱ्याला मी मानते. त्यानं कोड्यात टाकायला काही घुसडलं नाही, नळवाला जसा बोलला तसा ठेवला.

दुसरा प्रकार याहून भारी. बोलणं चालू असतं, आणि मधेच कुठेही, न सांगता, ते तोडतात. पडद्यावर येतं: शेवटचे चार शब्द लिहा. पर्याय नाहीत. अंदाजपंचे चालत नाही. पहिल्या चाचणीत मला असे दहापैकी तीन जमले. एकदा मी लिहिलं, "हामा निश". हामा हा कुठला शब्द, म्हणून उत्तर उघडलं. "हाबन वीर", म्हणजे "आपल्याकडे आहे". दोन शब्द वितळून एक झाले होते. "हास्ट डू" चं "हास्तं" होतं, "निश्ट" मधला ट बरेच जण उच्चारतच नाहीत.

मला राग आला, आणि लगेच हसूही. आपण तरी काय करतो? लेकाला फोन लावल्यावर मी "तू कुठे आहेस" कधी म्हटलंय? "कुठंयस?" एवढंच. कुणी बिचारा पुस्तकातून मराठी शिकून आला तर तो "कुठंयस" कुठल्या शब्दकोशात शोधणार? "नाहीये" चं काय करणार? त्याला प्रत्येक शब्द येत असतो आणि तरी कळत काही नाही. माझं जर्मनमध्ये नेमकं हेच होत होतं. आणि मी इतके दिवस शब्दसंग्रह वाढवत बसले होते, वेंधळी.

आकड्यांच्या प्रश्नांत मात्र मी शेर. जर्मन माणूस सदुसष्ट म्हणताना आधी सात म्हणतो, मग साठ. इंग्रजीतून जर्मन शिकणारे इथे गडबडतात म्हणे. आपल्याला काय त्याचं, सदुसष्टमध्येही सात आधीच आहे. फोन नंबर सांगणारा "ट्स्वाय" ऐवजी "ट्स्वो" म्हणतो तेही मी एका दमात पकडलं. दोन आणि तीन त्यांच्याकडे फोनवर सारखे ऐकू येतात म्हणून दोनाला वेगळं रूप. ऑपरेटरच्या धंद्यातल्या खुब्या जगभर सारख्याच. नाव अक्षरांनी सांगायची त्यांची यादी २०२२ साली बदलून त्यात शहरांची नावं घातली, आखनचा आ, बर्लिनचा ब. पण ध्वनिमुद्रणातला म्हातारा खुशाल जुनंच "अंटोन, बेर्टा" म्हणतो. त्याला कोण सांगणार!

आणि ते बटण. या सेवेतली सगळ्यात हुशार गोष्ट. मोकळ्या बोलण्याच्या भागात वर एक बटण आहे, "वी बिटं?", म्हणजे "काय म्हणालात?" मला वाटलं दाबलं की ध्वनिमुद्रण मागे जाऊन तेच परत वाजेल. तसं होत नाही. तोच माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगतो, पण वेगळ्या शब्दांत, जरा चढ्या आवाजात, कधी किंचित वैतागून. अर्धा गुण कापतात. आपण कुणाला "काय?" विचारलं तर तो तेच वाक्य त्याच सुरात थोडंच म्हणतो? इतर परीक्षांत एकदाच ऐकवायचं की दोनदा यावर वाद घालतात. इंग्रजीच्या आयेल्ट्समध्ये तर सगळे चाळीस प्रश्न एकदाच ऐकून सोडवायचे. पण समोरच्याला विचारणं हाही ऐकण्याचाच भाग आहे, हे या लोकांच्या डोक्यात आलं. ट्रंक लाइनवर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "पुन्हा सांगा" म्हणू नका, "गावाचं नाव पुन्हा सांगा" म्हणा. बटणाला तेवढी अक्कल अजून नाही, नेमकं काय कळलं नाही ते सांगता येत नाही. पण सुरुवात चांगली आहे.

चाचणी संपल्यावर पूर्ण मजकूर दिसतो, आणि गिळलेली अक्षरं फिकट रंगात. फिकट रंग माझ्या वयाच्या माणसाला दिसत नाही हा भाग वेगळा.

आता भांडण. शेवटचे चार शब्द लिहायच्या प्रश्नात एक शब्द होता, रस्ता या अर्थाचा. माझ्या की-बोर्डवर त्यांचा तो विशेष स मिळेना, म्हणून मी दोन साधे स टाकले. स्वित्झर्लंडमध्ये अख्खा देश तसंच लिहितो. यंत्रानं चूक दिली. मी लिहिलं, अहो, ही कानाची परीक्षा आहे की शुद्धलेखनाची? उत्तर आलं, "आपला अभिप्राय मोलाचा आहे." तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा मोलाचा आहे. आयेल्ट्समध्येही स्पेलिंग चुकलं की गुण जातो हे मला ठाऊक आहे, पण ते आधीच सांगतात तरी. इथे सूचनांमध्ये एक अक्षर नाही. "हामा" लिहिलं तरी चूक, "हाबन वीर" लिहिलं तरच बरोबर, हेही मला पटलेलं नाही. मी ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं की. निदान अर्धा गुण?

शिवाय सगळी माणसं एकाच भागातली वाटतात. विहीणबाई दक्षिणेकडच्या, त्यांच्यासारखं बोलणारं बारा चाचण्यांत एकही माणूस नाही. लहान मुलाचा आवाज तर नाहीच, आणि मला सगळ्यात जास्त गरज त्याची.

फरक पडला का? पाचव्या चाचणीत शेवटच्या शब्दांचे दहापैकी सहा आले, नवव्यात परत चार, कारण त्यात त्या कपाटवाल्या बहिणी होत्या आणि दोघी एकदम बोलतात. विहीणबाईंचा कॉल आता निम्म्याच्या वर कळतो. मागच्या रविवारी मी त्यांना "वी बिटं?" विचारलं, त्यांनी वेगळ्या शब्दांत सांगितलं, मला कळलं, आणि अर्धा गुण कुणी कापला नाही.

मुदत या महिन्यात संपतेय. मी विचारलं, मला फक्त "मोकळं बोलणं" हवंय, तेवढ्याचे पैसे घ्या, "प्रसंग" तुमच्याकडेच ठेवा. तसं वेगळं मिळत नाही म्हणाले. तेव्हा परत दोन्हींचे भरणार. घेणार असाल तर आधी त्यांची मोफत चाचणी आवाज बंद करून सोडवा, किती जमतात ते बघा, आणि मग थेट दुसऱ्या भागावर उडी मारा.