होडीच्या नव्या पॅडखाली काय काय दडवतात

शिडाच्या होडीची बैठक नव्याने करून घेतली असेल, तर पॅडच्या कडेने सिलिकॉनची पांढरी रेघ ओढली आहे का, ते आधी पाहा. माझ्या होडीत ती होती. ज्याला काम दिलं त्याने "साहेब, फिनिशिंग बघा" म्हणत ती मला हौसेने दाखवलीसुद्धा.

होडी एन्टरप्राइज, फायबरची. जॅक होल्टने १९५६ साली आखलेली ही दोघांची होडी, लांबीला जेमतेम चार मीटर. दोन्ही कडांच्या बाकांवरचे जुने पॅड उन्हाने चिरले होते आणि खालचा गोंद तपकिरी, चिकट झाला होता. पावसाळ्यात मुंबईत छोट्या होड्या किनाऱ्यावरच झाकून ठेवलेल्या असतात, त्यामुळे अशी कामं तेव्हाच निघतात. फसवणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण ऑक्टोबरपर्यंत त्या बैठकीवर ओल्या कपड्यांनी कुणी बसणारच नसतं. तोवर पैसे चुकते झालेले असतात.

नमुना त्याने अस्सल दाखवला होता. बंद पेशींचा ईव्हीए फोम, पाणी न पिणारा, वरून खरखरीत. दर ठरला तो याच फोमचा. शिवाय जुना गोंद काढायचे चौरस फुटामागे वेगळे पैसे, तेही कबूल केले, कारण ते काम खरोखरच किचकट असतं.

होड्यांचा मोसम सुरू झाला आणि बसलं की पॅडमधून पाणी पिचकायला लागलं. होडी धुऊन उन्हात ठेवली तरी बैठक ओलीच, वर कुबट वास. फोन केला तर उत्तर: "समुद्राचं पाणी आहे साहेब, ओलं होणारच."

शेवटी प्लॅस्टिकच्या पट्टीने एक कोपरा उचकटला. वर ईव्हीएचा पातळ पापुद्रा आणि खाली साधा स्पंज, सोफ्यात घालतात तो. सिलिकॉनची रेघ हा जोड झाकायला होती. आत शिरलेलं पाणी बाहेर पडू न देण्याचं कामही तीच करत होती.

स्पंजाखालचा प्रकार जास्त महागाचा निघाला. बाकाच्या मधोमध जुना गोंद जसाच्या तसा, त्याच्यावरच नवा थापलेला. गोंद काढला होता तो फक्त कडेचा, नजर जाते तिथला, आणि तोही ग्राइंडर फिरवून. जेलकोट म्हणजे फायबरवरचा जलरोधक थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. ग्राइंडरपुढे तो कितीसा टिकणार? काचेचे धागे उघडे पडले होते आणि त्यांवर पांढरा ऑइलपेंट मारून दिला होता. अशा जागी पाणी आत झिरपतं आणि पुढे फायबरला फोड येतात. दुरुस्ती करायची तर सिलिकॉन आधी समूळ निघायला हवं. त्याचा अंश राहिला तर त्यावर गोंद धरत नाही, रंग धरत नाही, नवा जेलकोटही धरत नाही. माझा खरा खर्च यातच झाला.

गोंद नीट काढणं वेळखाऊ असलं तरी अवघड नाही. हेअर ड्रायरने थोडी थोडी जागा हाताला सोसेल इतपत गरम करायची, पॅड सावकाश सोलत न्यायचा आणि मऊ झालेला गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा. उरलेल्यावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवायचं, मग साबणपाणी, अखेरीस आयसोप्रोपिल अल्कोहोल. अॅसिटोन वापरलाच, तर तो रेंगाळला की जेलकोट मऊ पडतो, म्हणून एका हातासरशी पुसून घ्यायचा. पेंट रिमूव्हरचा डबा घेऊन कुणी आला, तर त्याला होडीला हात लावू देऊ नका.

फोमची पारख त्याहून सोपी. नमुन्यावर विसंबू नका. जी शीट लावणार आहेत तिचाच तुकडा कापून मागा, त्याची कड पाहा आणि पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडे सुटत राहिले, तर तो स्पंज. आणि गोंद निघाल्यावर कोरडा बाक स्वतः पाहिल्याशिवाय नवा पॅड चिकटवू द्यायचा नाही. कारागीर खरा असेल तर तो स्वतःच बोलावून दाखवतो.

बिलावर "सीट वर्क" एवढंच लिहून त्याने आणखी एक पळवाट ठेवली होती. फोमचा प्रकार, जाडी, गोंद काढण्याचं क्षेत्रफळ, काहीच नाही. नमुन्याचा फोटो आणि फोनवरचे लेखी निरोप माझ्याकडे होते, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना हातात काहीतरी होतं. त्यानंतर फोमचे पैसे परत आले. जेलकोटचं नुकसान "आधीपासूनच होतं" म्हणतो. काम करण्यापूर्वीचे बाकाचे फोटो मी जोडले आहेत, तक्रार अजून चालू आहे.

तो अजूनही कामं घेतोय. परवा किनाऱ्यावर दुसऱ्या एका होडीत तीच पांढरी रेघ दिसली. मालकाला म्हटलं, अंगठ्याने दाबून बघा. दाबल्याबरोबर पाणी आलं.