फ्लो मॉड्युलेटरचा द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफ: डिझेलच्या विश्लेषणासाठी कितपत उपयोगी?

डिझेलच्या नमुन्यात हजारो हायड्रोकार्बन असतात. एकाच कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीवर) ते सोडले, की नॉर्मल पॅराफिनची, म्हणजे सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनची, उंच शिखरे तेवढी ओळखू येतात आणि बाकीचे घटक एकमेकांत मिसळून तळाशी मोठा फुगवटा उरतो. या फुगवट्यातले घटक ज्यांना गटवार मोजायचे असतात, त्यांना हे उपकरण मनापासून सुचवावेसे वाटते.

१९९१ मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत पहिला लांब, अध्रुवीय कॉलम घटकांना मुख्यतः उत्कलनबिंदूनुसार वेगळे करतो. मॉड्युलेटर दर काही सेकंदांनी तिथून आलेला अंश आखूड, ध्रुवीय कॉलमवर सोडतो आणि तिथे त्यातले घटक पुन्हा ध्रुवीयतेनुसार सुटे होतात. पडद्यावर तळाला पॅराफिन, त्यावर नॅफ्थीन (संपृक्त वलयांचे हायड्रोकार्बन) आणि आणखी वर एक व दोन वलयांचे ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी वलये असलेले) असे पट्टे दिसतात. समान कार्बनसंख्येचे समघटक छपरावरच्या कौलांप्रमाणे तिरप्या ओळींत मांडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक शिखराचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा गट सांगता येतो. नियमित कामात हीच सोय सर्वांत मोलाची आहे.

फ्लो मॉड्युलेटर वायूच्या प्रवाहानेच अंश पुढे ढकलतो, त्यामुळे त्याला द्रव नायट्रोजन लागत नाही; शिवाय थंडाव्याने घटक अडकवण्याची गरज नसल्यामुळे फार हलके घटकही हातचे सुटत नाहीत. मात्र दुसऱ्या कॉलममधला प्रवाह मिनिटाला २० मिलिलीटरच्या आसपास असतो. एफआयडी (ज्वालेत घटक जाळून त्यांचे प्रमाण मोजणारा शोधक) तो सहज पेलतो. रेणूंच्या वस्तुमानावरून घटक ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या निर्वात पंपाला तो झेपत नाही, म्हणून प्रवाह विभागावा लागतो आणि तेवढी संवेदनक्षमता गमवावी लागते.

खरी मेहनत आहे ती आकडेमोडीत. सॉफ्टवेअरसोबत मिळालेला, पडद्यावर गटांच्या सीमा आखणारा साचा विक्रेत्याच्या तापमान-क्रमावर बेतलेला होता आणि आमच्या नमुन्यांवर तो सरकलेला दिसे. सीमा संदर्भ-मिश्रणे चालवून नव्याने आखाव्या लागल्या. याबाबत पुस्तिकेत चकार शब्द नाही, ही गोष्ट खटकते. तीन वलयांचे ॲरोमॅटिक दुसऱ्या कॉलममधून उशिरा निघून मॉड्युलेटरच्या पुढच्या आवर्तनात थेट पॅराफिनच्या पट्ट्यात उतरू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. तिथे एखादे शिखर अकारण रुंद दिसले, तर आवर्तनाचा काळ बदलून नमुना पुन्हा चालवावा. मागच्या आवर्तनातून आलेले शिखर आपली जागा सोडते.

ज्यांचा मुख्य भर अनोळखी घटकांची ओळख पटवण्यावर आहे, त्यांनी औष्णिक मॉड्युलेटरच (थंडाव्याने घटक अडकवून उष्णतेने सोडणारा) घ्यावा.