हसण्यासाठी फ्रेंच चित्रपट : कोणते पाहावेत?

फ्रेंच सिनेमा म्हटला की आपल्याकडे फिल्म सोसायटीत दाखवले जाणारे संथ, गंभीर चित्रपटच आठवतात. त्यामुळे ज्या विनोदी चित्रपटांवर फ्रान्समधल्या सामान्य प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला, ते आपल्या रसिकांच्या नजरेतून बरेचदा निसटतात, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. या चित्रपटांचे बळ असे की त्यांतले कोणतेही पात्र आपण विनोदी असल्याच्या जाणिवेने वागत नाही. प्रत्येक जण आपापल्या कामात पुरता बुडालेला असतो आणि हसू येते ते त्या गांभीर्यामुळेच.

एकही फ्रेंच विनोदी चित्रपट न पाहिलेल्यांनी फ्रान्सिस वेबर यांच्या 'ल दिने द कों' (१९९८) या चित्रपटापासून सुरुवात करावी. पॅरिसमधला श्रीमंत प्रकाशक पिएर ब्रोशां आणि त्याचे मित्र दर आठवड्याला एक मेजवानी ठेवतात आणि तिला प्रत्येकाने एकेक मूर्ख पाहुणा हुडकून आणायचा, अशी त्यांची क्रूर करमणूक असते. या वेळी ब्रोशांला सापडतो अर्थखात्यातला कर्मचारी फ्रांस्वा पिन्यों, जो आगकाड्यांचा आयफेल टॉवर उभारतो आणि त्याची सगळी हकीकत समोरच्याला जीव ओतून सांगत राहतो. पण मेजवानी घडतच नाही. ब्रोशांच्या पाठीत उसण भरते, बायको घर सोडून जाते आणि मदतीला सरसावलेला पिन्यों एकेका फोनसरशी त्याचा संसार आणखी विस्कटून ठेवतो. पुढे पिन्योंच्याच ओळखीचा कर निरीक्षक घरी येणार असे ठरते, तेव्हा भिंतीवरची मौल्यवान चित्रे लगबगीने आतल्या खोलीत दडवली जातात आणि उंची वाईन हलकी वाटावी म्हणून तीत चक्क व्हिनेगर ओतले जाते.

मूळ नाटक वेबर यांचेच असल्याने जवळजवळ सारे काही एकाच दिवाणखान्यात घडते; मराठी रंगभूमीवरचे फार्स पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला ही बांधणी लगेच आपलीशी वाटेल. जाक व्हिलरे यांनी साकारलेला पिन्यों पाहताना आपण त्याला हसता हसता कधी ब्रोशांला हसू लागलो हे कळतही नाही, आणि माझ्या मते याहून मोठे श्रेय या चित्रपटाला देता येणार नाही. व्हिलरे, कर निरीक्षक झालेले दानिएल प्रेव्हो आणि पटकथाकार म्हणून वेबर, या तिघांनाही सेझार हे फ्रान्समधले मानाचे चित्रपट पुरस्कार मिळाले. 'भेजा फ्राय' (२००७) पाहिलेल्यांना कथानक ओळखीचे वाटेल, तरीही मूळ चित्रपटातली घट्ट वीण अवश्य अनुभवावी.

सबटायटल्स वाचण्याचा कंटाळा असेल, तर दिग्दर्शक जाक ताती यांच्याकडे वळावे. 'ले व्हाकांस द मॉस्यू उलो' (१९५३) या चित्रपटात कथानक नावापुरतेच आहे: समुद्रकाठच्या हॉटेलात उलो नावाचे उंच, सभ्य, अवघडलेले गृहस्थ सुट्टीला येतात आणि सद्भावनेने हात लावतील तिथे गोंधळ उडतो. त्यांच्या खडखडत्या मोटारीची ट्यूब जमिनीवर घरंगळते, तिला ओली पाने चिकटतात आणि शेजारच्या दफनविधीतले लोक तिला पुष्पचक्र समजून स्वीकारतात. एवढेच नव्हे, तर उलोही सांत्वन घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून गंभीरपणे हस्तांदोलन करू लागतात. यात संवादाला जवळपास जागाच नाही. भोजनगृहाचे झुलते दार उघडताना होणारा तारेसारखा आवाजही विनोदाचे काम चोख बजावतो.

ताती यांचाच 'प्लेटाईम' (१९६७) पाहण्यासाठी मात्र शक्य तितका मोठा पडदा मिळवावा. पॅरिसबाहेर काचेच्या इमारतींचे अवघे नगर उभारून तो ७० मिमी फिल्मवर चित्रित झाला आणि त्या खर्चाने ताती कर्जात बुडाले. पहिला तासभर धीर धरावा लागतो, हे खरे आहे. त्यानंतर नव्या उपाहारगृहाच्या उद्घाटनाचा दीर्घ प्रसंग येतो. काचेचे दार फुटून चुरा झाल्यावरही द्वारपाल दाराची नुसती मूठ हवेत धरून प्रत्येक पाहुण्यासाठी अदबीने 'दार' उघडत राहतो आणि पाहुणेही तितक्याच अदबीने आत शिरतात.

दानी बून यांचा 'ब्यांव्हन्यू शे ले श्ती' (२००८) हा फ्रान्समध्ये दोन कोटींहून अधिक तिकिटे खपलेला चित्रपट. दक्षिणेतल्या पोस्टमास्तरची बदली उत्तरेकडच्या बेर्ग गावी होते आणि 'तिकडच्या' लोकांविषयीचे त्याचे ग्रह एकेक करून गळून पडतात. चित्रपट प्रेमळ आहे. पण उत्तरार्धात तो सगळ्यांना खूश करण्याच्या नादी लागतो, म्हणून मी त्याला पहिल्या रांगेत बसवणार नाही.

त्या रांगेतली जागा जेरार ऊरी यांच्या 'ला ग्रांद व्हादरुय' (१९६६) या चित्रपटाची आहे. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये १९४२ साली पाडलेल्या ब्रिटिश विमानातल्या वैमानिकांना वाचवण्याची जबाबदारी एका साध्यासुध्या रंगाऱ्यावर आणि पॅरिस ऑपेराच्या तापट संगीत-संचालकावर येऊन पडते. ज्यू असल्यामुळे स्वतः ऊरींना त्या काळात फ्रान्स सोडावा लागला होता, आणि तरीही त्यांनी या विषयावर कडवटपणाचा लवलेश नसलेला चित्रपट केला, याचे मला फार अप्रूप वाटते. रंगारी झालेल्या बुर्व्हिल यांचा सोशिकपणा आणि संगीत-संचालक झालेल्या लुई द फ्युनेस यांची चिडचिड यांची जुगलबंदी हाच त्याचा प्राण. भिंतीवरून उतरताना संगीत-संचालक रंगाऱ्याच्या खांद्यावर येतो आणि जणू तो आपला हक्कच असल्याप्रमाणे तिथेच बसून पुढे निघतो, तेव्हा दोघांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहावे. दोन तासांचा हा चित्रपट आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना एकत्र बसून पाहता येईल, फक्त मुलांना युद्धाची पार्श्वभूमी आधी थोडक्यात सांगून ठेवावी.